तीन माणसांचा शिधा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रीदत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की गावोगावच्या दत्तमंदिरांत एक प्रश्न हमखास निघतो, "यंदा पोथीला कोण बसणार?" आणि बरीच मंडळी खाली बघायला लागतात. ज्यांना खरोखर सवड नाही त्यांचं सोडा. पण ज्यांना सवड आहे, इच्छा आहे, देवाच्या दयेने डोळेही धड आहेत, तेसुद्धा हात जोडून म्हणतात, "छे हो, माझी कुठली तेवढी योग्यता? कुणी जाणकार बघा."

ऐकायला ही नम्रता वाटते आणि कित्येकदा ती असतेही. पण कित्येकदा त्या वाक्याच्या पोटात भीती दडलेली असते. "लोक मला भाविक समजतात, पण आत मी कसा आहे ते मला ठाऊक. चारचौघांत वाचायला बसलो आणि अडखळलो, तर माझं पितळ उघडं पडेल." अशी ती भीती. ती पोथीपुरती राहत नाही. पदोन्नती मिळालेल्या माणसाला ती गाठते, नव्याने घर हाती घेतलेल्या सुनेला गाठते, पहिल्या नोकरीवर रुजू झालेल्या नातवालाही गाठते. आजकालची मुलं याला 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात. म्हणजे आपण तोतये आहोत, या जागेवर चुकून बसलो आहोत, असं सतत वाटत राहणं. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली यावर निबंध लिहिला. शिक्षणात आणि नोकरीत उत्तम यश मिळवलेल्या स्त्रियांशी बोलताना त्यांना आढळलं, की त्या आपल्या यशाचं श्रेय नशिबाला किंवा दुसऱ्याच्या चुकीच्या अंदाजाला देतात आणि आज ना उद्या आपण पकडले जाऊ या धास्तीत राहतात.

नाव नवं असलं तरी दुखणं जुनं आहे. आपल्या श्रीगुरुचरित्रात त्यावरचा उपाय ३८व्या अध्यायात आहे. भास्कराची कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, पण या अंगाने ती पुन्हा एकदा पाहू या.

भास्कर हा गरीब ब्राह्मण. श्रीगुरूंना भिक्षा घालावी या इच्छेने तो गाणगापूरला आला. बरोबर शिधा किती? जेमतेम तीन माणसांना पुरेल एवढा. मठात तर रोज कोणी ना कोणी श्रीमंत भक्त समाराधना घालायचा. भास्कराची पाळी काही येईना. तो रोज दुसऱ्याच्या पंगतीत जेवायचा आणि रात्री शिध्याचं गाठोडं उशाशी घेऊन निजायचा. असे तीन महिने गेले. लोक हसायला लागले, "एवढ्याशा शिध्यात हा समाराधना घालणार! शिष्यांना घासघास तरी येईल का?"

आता भास्कराच्या जागी आपण आहोत असं समजा. आपण काय केलं असतं? मला वाटतं, आठ-पंधरा दिवसांत गाठोडं उचलून गावी गेलो असतो. नाहीतर तो शिधा गुपचूप कोठीत देऊन टाकला असता आणि म्हटलं असतं, "आपलं काम नव्हे हे." भास्कराने दोन्ही केलं नाही. आपल्याकडे फार आहे असा आव त्याने आणला नाही. जे आहे ते टाकूनही दिलं नाही.

श्रीगुरूंच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी आज्ञा केली, "आज तू स्वयंपाक कर." इथे जरा थांबून बघा. महाराजांनी त्याला आणखी शिधा आणायला सांगितलं नाही. दुसऱ्या सधन भक्ताला मदतीला दिलं नाही. 'हा कमी पडेल' असंही म्हणाले नाहीत. त्याचाच शिधा, त्याच्याच हाताने शिजवायला लावला. आणि सगळ्यांना जेवायला बोलावून आण म्हणाले! लोक पुन्हा हसले. मग श्रीगुरूंनी आपलं वस्त्र दिलं, ते अन्नावर झाकलं गेलं, कमंडलूतलं पाणी शिंपडलं गेलं आणि झाकण न काढता वाढायला सांगितलं. चार हजार माणसं जेवली. पंगती उठल्या तरी अन्न होतं तेवढंच राहिलं.

भास्कराकडे चार हजारांची योग्यता होती का? मुळीच नव्हती. ती त्याच्याकडे मागितलीही नव्हती. त्याच्याकडे मागितला होता तीन माणसांचा स्वयंपाक, आणि तो त्याने नीट केला. उरलेलं त्या वस्त्राचं काम होतं.

माझं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं, म्हणून मला दाखलाही तिथलाच सुचतो. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात. एका चावीने तिजोरी उघडत नाही. पण म्हणून कोणी म्हणत नाही, की माझ्या चावीने उघडत नाही, अर्थात माझी चावी खोटी. आणि असंही म्हणत नाही, की दुसरा चावीवाला आहे ना, मग मी आज घरी बसतो. दोघं वेळेवर हजर राहतात आणि तिजोरी उघडते. आपला प्रयत्न ही एक चावी, गुरुकृपा ही दुसरी. आपल्या संशयी मनाचा घोटाळा असा, की आपल्या एका चावीने सगळं उघडलं पाहिजे असं ते धरून चालतं आणि उघडत नाही म्हणून स्वतःला तोतया ठरवतं.

यावर कोणी म्हणेल, "अहो, आपण भक्त मंडळीसुद्धा 'माझं काही नाही, सगळी त्याची कृपा' असंच म्हणतो. मग त्या धास्तावलेल्या माणसात आणि आपल्यात फरक तो काय?" शंका रास्त आहे. शब्द सारखेच आहेत. फरक पुढे काय घडतं त्यात दिसतो. 'कृपेने झालं' म्हणणारा माणूस निश्चिंत होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कामाला हात घालतो. 'नशिबाने निभावलं' म्हणणारा घाबरतो आणि पुढच्या वेळी काम टाळतो. म्हणून स्वतःला विचारावं, की माझं हे 'मी कोण हो?' म्हणून झाल्यावर माझे हात कामाला लागतात की आखडतात? आखडत असतील तर ती नम्रता नव्हे. त्यात 'मी कसा दिसेन' हाच विचार जास्त आहे, म्हणजे तोही एक प्रकारचा मी-पणाच.

आमच्या शाखेत एक नवी मुलगी कॅशला आली होती. हुशार, प्रामाणिक. पण नोटांचं बंडल पाच-पाच वेळा मोजायची. बाहेर रांग वाढायची, लोक कुरकुरायचे, तिचे हात आणखी थरथरायचे. आमचे हेड कॅशियर वयस्क गृहस्थ होते. ते एके दिवशी तिच्या शेजारी उभे राहून हळूच म्हणाले, "पोरी, दोनदा मोज. नियम तेवढाच आहे. तिसऱ्यांदा तू नोटा मोजत नाहीस, स्वतःला मोजतेस." त्यानंतर ती दोनदा मोजायची आणि बंडल पुढे सरकवायची. पुढे तीच मुलगी नव्यांना काम शिकवायला लागली. पडताळणी करावीच. पण पडताळणीला शेवट असतो, संशयाला नसतो.

काहींचा संशय मागच्या चुकांवरून असतो. "तरुणपणी मी काय काय केलंय, आता कुठल्या तोंडाने देवापुढे बसू?" त्यांच्यासाठीही हिशेबवहीतला एक नियम सांगतो. वहीत चुकीची नोंद झाली तर पान फाडत नाहीत. ती नोंद तशीच ठेवून तिच्यासमोर उलट नोंद करतात, म्हणजे बाकी बरोबर होते. आपल्याही चुका पुसल्या जात नाहीत. ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई करावी, क्षमा मागावी, पुढे तसं वागू नये. एवढी उलट नोंद केली की वही पुढे चालू ठेवावी. एका पानासाठी सगळी वही बंद करायचं कारण नाही.

काहींना वाटतं, आपल्याला काही येत नाही हे लोकांना कळेल. तर कळू द्या की! आपल्या दत्तप्रभूंची परंपरा काय आहे? श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला विचारतो, की तुला ही बुद्धी कोठून आली? तेव्हा अवधूत मोकळेपणाने आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो. त्यात पृथ्वी आहे, मधमाशी आहे, अजगर आहे, बाण घडवणारा कारागीर आहे, पिंगला आहे, कांकणं वाजू नयेत म्हणून एकेकच हातात ठेवणारी कुमारिका आहे. ज्याला जग गुरुदेव म्हणतं, तो हे मी अमक्याकडून शिकलो, ते तमक्याकडून, असं सांगताना जराही संकोचत नाही. मग आपल्याला एखादा शब्द शेजाऱ्याला विचारायची लाज का वाटावी? पोथीतला जोडशब्द अडला तर विचारावा. मोबाइल येत नसेल तर नातवाला विचारावं. जो विचारतो त्याचं पितळ कधी उघडं पडत नाही, कारण त्याने काही झाकलेलंच नसतं.

एक गंभीर गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. श्रीगुरुचरित्राच्या आठव्या अध्यायात कुरवपूरची ती माउली आहे. मुलगा मंदबुद्धीचा. लोकांनी त्याला हिणवून हिणवून इतकं टोकाला नेलं, की मायलेक दोघं कृष्णा नदीत जीव द्यायला निघाले. श्रीपाद श्रीवल्लभांनी त्यांना वाटेतच थांबवलं. आधी धीर दिला, आईला शनिप्रदोषाचं व्रत सांगितलं आणि मुलाच्या मस्तकावर हात ठेवला. म्हणजे 'मी कुचकामी आहे' हा विचार माणसाला नदीपर्यंत नेऊ शकतो हे आपल्या ग्रंथाला ठाऊक आहे. आपल्या घरात कोणी वारंवार तसं बोलत असेल, जेवण-झोप सोडत असेल, तर 'नामस्मरण कर म्हणजे होईल' एवढं सांगून मोकळे होऊ नका. जवळ बसा, त्याचं ऐका, डॉक्टरांकडे घेऊन चला. वाटेत थांबवणं हीसुद्धा गुरुसेवाच आहे.

आणि आता थोडं आपल्या वयाच्या मंडळींसाठी. भास्कराला हसले ते कोण होते? कोणी परके नव्हते. मठातलीच माणसं, रोज श्रीगुरूंचं दर्शन घेणारी, रोज प्रसाद खाणारी. हे मला फार लागतं. आपल्या मंदिरातही कोणी नवखा आरतीचा सूर चुकला, कोणा मुलाने पोथी वाचताना ओवी तोडली, की मागून खसखस पिकते. सून पहिल्यांदा नैवेद्याला पुरण घालते आणि आपण सहज बोलून जातो, "जमेल ना गं तुला?" आपल्याला ते सहज वाटतं, पण तिच्या मनात ते वर्षानुवर्षं राहतं. ज्याच्या हातात तीन माणसांचा शिधा आहे त्याला हसायचं की त्याच्यावर वस्त्र घालायचं, हे आपल्या हातात आहे. "तू वाच, मी शेजारी बसतो," एवढं वाक्यही वस्त्रच आहे.

श्रीगुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर यांनीही पहिल्याच अध्यायात स्वतःकडे लहानपणा घेतला आहे. आपण मतिहीन आहोत, असं म्हणून त्यांनी देवांची आणि श्रोत्यांची विनवणी केली. पण तेवढं म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. ठेवली असती तर आज आपण सप्ताहाला काय वाचलं असतं?

तेव्हा या दत्तजयंतीला प्रत्येकाने आपलं गाठोडं उशाखालून काढावं. कोणाचा आवाज चांगला असेल, कोणाला हिशेब येत असेल, कोणाला फुलांची परडी नीट लावता येत असेल, कोणाला नुसतं दारात उभं राहून आलेल्याला "या" म्हणता येत असेल. ते किती आहे याची चिंता आपण करू नये. ते शिजवावं, महाराजांपुढे ठेवावं आणि वाढायला उभं राहावं. सप्ताहाच्या यादीत अजून काही नावांची जागा रिकामी असेल. पोथीला कोण बसणार असं विचारलं, की यंदा खाली बघू नका.

महाराज सर्वांना सद्बुद्धी आणि आरोग्य देवोत, ही त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥