सातबारा नसलेले शेतकरी: विदर्भातील तिबेटी वसाहत

महाराष्ट्रातील एकमेव तिबेटी शेतकी वसाहत नागपूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात आहे. तिचे नाव नॉर्ग्येलिंग. १९७२ साली ती वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण निर्वासित तिबेटींच्या व्यवहारात वसाहतीच्या नावापुढे अजूनही 'भंडारा' हेच लावले जाते. जवळच नवेगावबांधचे जंगल आणि कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेला तलाव आहे. गाढवी नदीवरचे इटियाडोह धरणही फार दूर नाही. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे हे रान मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले. त्याच रानाच्या कडेला प्रार्थनेच्या पताका लावून राहणारी माणसे मात्र मराठी लेखनात फारशी आली नाहीत.

ही माणसे इथवर कशी आली, याची सुरुवात ऑक्टोबर १९५० मध्ये होते. त्या महिन्यात चिनी सैन्य पूर्व तिबेटमधील चाम्दो भागात शिरले. २३ मे १९५१ रोजी बीजिंगमध्ये सतरा कलमी करार झाला आणि तिबेटचे चीनमध्ये सामिलीकरण कागदावर आले. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारात तिबेटचा उल्लेख 'चीनचा तिबेट प्रदेश' असा झाला. याच करारातून पंचशील जन्माला आले. राज्यसभेत २६ ऑगस्ट १९५४ रोजी परराष्ट्र धोरणावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या धोरणावर कठोर टीका केली. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडली, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आठ वर्षांनी युद्धाने तो खरा ठरवला.

१० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा नॉर्बुलिंगका राजवाड्यातून बाहेर पडले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारतात आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक आले. आसामातील मिसामारी आणि बंगालच्या उत्तरेकडील बक्सा या छावण्यांत त्यांची पहिली सोय झाली. पठारावरच्या थंड, कोरड्या हवेतून आलेली ही माणसे दमट उष्णतेत क्षयाने आणि पोटाच्या आजारांनी मोठ्या संख्येने दगावली. जी तगली त्यांतील अनेकांना हिमालयातील रस्त्यांच्या कामावर धाडण्यात आले. आई-बाप खडी फोडत आणि मुले रस्त्याकडेच्या तंबूत राहत, असा तो काळ होता. मुलांचे हाल पाहूनच त्यांच्यासाठी वेगळ्या निवासी शाळा काढण्याचा निर्णय झाला.

पंडित नेहरू आणि दलाई लामा यांनी मिळून जे धोरण ठरवले त्यात एक गृहीतक होते: हे लोक परत जाणार आहेत. म्हणून त्यांना विखुरू द्यायचे नाही, एकत्र वसवायचे, भाषा आणि धर्म टिकेल अशी शिक्षणव्यवस्था द्यायची. जमीन राज्यांनी द्यावी, असे केंद्राने सुचवले. म्हैसूर राज्याने बायलकुप्पे येथे जवळजवळ तीन हजार एकर जमीन दिली आणि १९६० नंतर तिथे पहिली मोठी वसाहत उभी राहिली. पुढे मध्य प्रदेशात (आता छत्तीसगड) मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी, कर्नाटकात मुंडगोड आणि हुणसूर या वसाहती झाल्या. नॉर्ग्येलिंग या मालिकेत उशिरा आले. १९६२ च्या युद्धानंतर लवकर परतण्याची आशा मावळली होती, तरी वसाहतींचा आराखडा बदलला नाही. जमीन भाडेपट्ट्याने आणि वास्तव्य तात्पुरते, हीच चौकट राहिली. वसाहतीची बहुतेक दुखणी याच चौकटीतून आली आहेत.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतली शेती म्हणजे धान. हा पाऊस आणि तलावाच्या पाण्याचा मामला आहे. पाऊस वेळेवर पडला तर रोवणी होते, नाही तर पऱ्हे वाळतात. चार हजार मीटर उंचीवर याक राखणाऱ्या आणि जव पेरणाऱ्या माणसांना चिखलणी, रोवणी, निंदण सारे नव्याने शिकावे लागले, तेही मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या मुलखात. शिकवणारे आसपासचे शेतकरी आणि शेतमजूरच होते. गालिचे विणण्याचा पारंपरिक धंदा आणि सहकारी संस्था यांचाही आधार मिळाला. पण कोरडवाहू धानाच्या लहान तुकड्यावर कुटुंब वर्षभर जगत नाही. हे या भागातल्या कोणत्याही अल्पभूधारकाला ठाऊक असते. तिबेटी शेतकऱ्याची अडचण त्यापुढे एक पाऊल जाते. त्याच्या नावाचा सातबारा नाही. जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि मालकीच्या कागदावर मिळणारे कर्ज त्याच्या वाट्याला येत नाही. शेजारच्या बांधावरचा मराठी शेतकरी सावकार आणि बँक यांच्या कात्रीत सापडतो. तिबेटी शेतकऱ्याला त्या कात्रीतले बँकेचे पातेच नाही.

म्हणून पोट भरते ते लोकरीच्या धंद्यावर. दिवाळीच्या सुमारास वसाहतीची घरे रिकामी होऊ लागतात आणि नागपूरसह अनेक शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात. नागपूरकराच्या लेखी हिवाळा आला याची ती एक खूणच आहे. ही दुकाने हाताने विणलेला हिमालयीन माल विकतात, असा गैरसमज अजून टिकून आहे. प्रत्यक्षात बहुतांश माल लुधियानाच्या कारखान्यांतला असतो. तो हंगामापूर्वी उधारीवर उचलायचा, तीनेक महिन्यांत खपवायचा आणि हंगाम संपल्यावर व्यापाऱ्याचे पैसे फेडायचे, असा हा व्यवहार आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विश्वासावर तो चालतो. लुधियानाचे व्यापारी तिबेटींना उधार देतात, कारण ते बुडवत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. परक्या देशात कागदाअभावी नाकारली गेलेली पत बाजाराने तोंडी शब्दावर दिली, ही त्यातली विलक्षण गोष्ट. पण अवघ्या तीन महिन्यांवर वर्ष उभे असते. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी नेमकी हंगामाच्या तोंडावर आली आणि २०२० चा हिवाळा करोनाने खाल्ला. थंडी कमी पडली तरी गणित बिघडते. विदर्भातले ऊबदार डिसेंबर आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. त्यात मॉल आणि ऑनलाइन खरेदी यांची भर पडली आहे.

या धंद्याची दुसरी किंमत मुले आणि म्हातारी माणसे मोजतात. कर्ती माणसे शहरात, मुले वसतिगृहात आणि आजी-आजोबा वसाहतीत, अशी कुटुंबाची वर्षातून काही महिने तीन ठिकाणी विभागणी होते. दाटीच्या वसतिगृहांत क्षयरोग झपाट्याने पसरतो. निर्वासित तिबेटींमध्ये क्षयाचे, विशेषतः औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे प्रमाण फार मोठे असल्याचे धरमशाळेतील डेलेक रुग्णालयाच्या कामातून पुढे आले आहे. त्यानंतर शाळांमधून मुलांची सरसकट तपासणी करण्याचे उपक्रम सुरू झाले.

कायद्याच्या नजरेत हे लोक कोण आहेत, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही. देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटी माणूस कायद्याने परकीयच राहिला. आधी १९३९ चा परकीय नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा त्याला लागू होता. २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवा कायदा आला. तिबेटी माणसाच्या हाती एक नोंदणी प्रमाणपत्र असते. त्याचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने करावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या मुखपृष्ठाचे ओळखपत्र मिळते, आणि ते पाहून अनेक विमानतळांवर अधिकारी गोंधळतात. भारताने या लोकांना हाकलले नाही, छळले नाही, उलट जमीन, शाळा आणि धर्मस्वातंत्र्य दिले. जगातल्या बहुतेक निर्वासितांच्या नशिबी इतकेही नसते. मात्र हे सारे शासनाच्या आदेशाने मिळाले आहे, हक्काने नाही. आदेश बदलू शकतो, ही जाणीव या समाजाच्या मनातून कधीच जात नाही.

यातून नागरिकत्वाचा पेच उभा राहतो. १९५५ च्या कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरते, आई-बाप कोणीही असोत. याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये नामग्याल डोलकर या तिबेटी तरुणीच्या बाजूने निकाल दिला. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने अशा तिबेटींची नावे मतदार यादीत घेण्याचे आदेश दिले आणि २०१६ च्या आणखी एका निकालानंतर पासपोर्टची वाट मोकळी झाली. मात्र पासपोर्टसोबत अटीही आल्या: नोंदणी प्रमाणपत्र परत करायचे, तिबेटी वसाहतीत राहायचे नाही, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या. नॉर्ग्येलिंगमध्ये १९७५ साली जन्मलेल्या माणसासाठी याचा अर्थ असा की, भारतीय व्हायचे असेल तर भारतातले आपले घर सोडावे लागेल. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांना तर केवळ इथल्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा वडील भारतीय नागरिक असावे लागतात. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान आहेत, तिबेट नाही.

समाजाच्या आतही या विषयावर एकमत नाही. नागरिकत्व घेणे म्हणजे लढा सोडणे, अशी जुन्या पिढीची भावना आहे. तरुण म्हणतात, पासपोर्टने लढा संपत नाही, उलट जगभर फिरून तो मांडता येतो. बाहेरून पाहणाऱ्याने यात पंच होण्याची घाई करू नये. पण साठहून अधिक वर्षे नागरिकत्वाविना राहिल्याने तिबेटच्या स्वातंत्र्याला काय लाभ झाला, हा तरुणांचा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. राज्यांनी वसाहतींच्या जमिनीचा वीस वर्षांचा भाडेपट्टा करून द्यावा, रोजगार हमी, रेशन यांसारख्या योजना तिबेटींना लागू कराव्यात आणि पात्रतेप्रमाणे कोणताही व्यवसाय करू द्यावा, असे त्यात म्हटले आहे. २०१५-१६ पासून पाच वर्षांसाठी निर्वासित तिबेटींच्या धरमशाळेतील केंद्रीय तिबेटी प्रशासनाला चाळीस कोटी रुपयांचे अनुदानही मंजूर झाले. धोरण चांगले आहे. अडचण अशी की, जमीन हा राज्यांचा विषय आहे, रेशनची अंमलबजावणीही राज्यांच्याच हाती असते आणि धोरण बंधनकारक नाही. बायलकुप्पे किंवा मुंडगोडच्या वसाहतींत हजारो लोक राहतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे राज्य सरकारला जड जाते. दुर्गम तालुक्यातील एकट्या, लहान वसाहतीचे तसे वजन नसते.

नॉर्ग्येलिंगला एका बाबतीत मात्र दैवाने साथ दिली. देशात बौद्धांची सर्वांत मोठी लोकसंख्या महाराष्ट्रात आहे आणि विदर्भ तिचे हृदय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांची धम्मदीक्षा झाली. त्याच हिवाळ्यात, बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त, तरुण दलाई लामा भारतात होते आणि परतावे की नाही या विचारात होते. पुढे त्यांनी दीक्षाभूमीला भेट दिली. या जवळिकीची मर्यादाही आहे. आंबेडकरी बौद्धांचा धम्म बुद्धिवादी आणि सामाजिक समतेचा, तिबेटींचा धर्म तंत्र, कर्मकांड आणि अवतारी लामांचा. त्यामुळे सणाच्या दिवशी व्यासपीठ एक होते, विवाहसंबंध आणि रोजचे जगणे बहुधा वेगळेच राहते. तरीही निर्वासित आणि यजमान यांच्यात धर्माचा धागा असणे ही फार थोड्या तिबेटी वसाहतींच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे.

सध्याची सर्वांत मोठी चिंता गरिबीची नसून ओस पडण्याची आहे. केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या उतरत गेली. २००८ पूर्वी दरवर्षी दोन-तीन हजार लोक नेपाळमार्गे येत. त्या वर्षीच्या तिबेटमधील निदर्शनांनंतर चीनने सीमा आवळली आणि हा ओघ जवळजवळ आटला. येणारे थांबले, जाणारे वाढले. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एक हजार तिबेटींना व्हिसा दिले, त्यांच्यामागे नातेवाईक गेले. मग कॅनडा आणि युरोपचे रस्ते उघडले. न्यूयॉर्क आणि टोरांटोत आज तिबेटी मोहल्ले आहेत. वसाहतीत शाळेला मुले मिळत नाहीत, मठांत नवे भिक्षू कमी येतात, आणि देशभरच्या अनेक वसाहतींत शेतजमीन स्थानिक शेतकऱ्यांना कसायला दिली जाते. घराचा खर्च परदेशातून येणाऱ्या पैशावर चालू लागला की स्वेटरचा धंदाही पुढची पिढी करत नाही.

दलाई लामांनी २०११ मध्ये राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेतृत्वाकडे सोपवले. जुलै २०२५ मध्ये, नव्वदाव्या वाढदिवसाच्या सुमारास, ही परंपरा पुढे चालेल आणि वारसाची निवड आपला गादेन फोड्रांग न्यास करील, असे त्यांनी जाहीर केले. चीनला ते मान्य नाही, त्यामुळे दोन दलाई लामा समोर येण्याची शक्यता उघड आहे. गोठणगावच्या परिसरातील वसाहतीसाठी हा केवळ धर्माचा विषय नाही. तिथल्या वसाहत अधिकाऱ्याची नेमणूक, शाळेचा खर्च, दवाखाना, सहकारी संस्था हे सारे धरमशाळेच्या प्रशासनाशी जोडलेले आहे. परदेशी देणगीदार आणि दिल्लीचे सरकार त्या प्रशासनाला जी किंमत देतात, ती बऱ्याच अंशी एका व्यक्तीच्या नैतिक प्रतिष्ठेमुळे. ती व्यक्ती नसताना भाडेपट्ट्याचे नूतनीकरण मागायला मुंबईच्या मंत्रालयात कोण जाणार, आणि गेलेल्याचे कोण ऐकणार, याचे उत्तर २०१४ च्या धोरणात सापडत नाही.