त्या सेन्सरचा गुन्हा काय?

उभा राहा. तो काढलेला हवा मोजणारा सेन्सर टेबलावर ठेव आणि माझ्याकडे बघून बोल. नवा बसवलास, तरी गाडी चढाला दम टाकते, काळा धूर तसाच. मग या जुन्याचा गुन्हा काय होता?

स्कॅनरवर पी०१०१ दिसलं आणि तू थेट दुकान गाठलंस. तो कोड एवढंच म्हणतो की मोजलेली हवा आणि कॉम्प्युटरचा अंदाज जुळत नाही. सेन्सर मेला, असं त्यात कुठे लिहिलंय? हवेचा हिशेब मी फळ्यावर करून दाखवलाय. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, म्हणजे एका सिलिंडरला अर्धा लिटर हवा. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. आयडलला, ईजीआर, म्हणजे जळालेला वायू परत आत सोडणारा व्हॉल्व्ह, बंद असताना, दर स्ट्रोकला ६०० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा हवा. ईजीआर उघडला की जळालेला वायू जागा अडवतो, ताजी हवा घटते. तुझ्या स्क्रीनवर होते २८०. स्कॅनरवरून ईजीआर बंद करून पाहिलास? पाहिला असतास तर आकडा जागचा हलत नाही हे तिथेच कळलं असतं. आत्ता मी व्हॉल्व्ह खोलला. काजळी धरून उघडाच अडकलाय. सेन्सर खरं तेच सांगत होता, तू ऐकलं नाहीस!

एअर फिल्टरही उघडला नाहीस, पाइपांवर हात फिरवला नाहीस. टर्बोच्या अलीकडचा पाइप चिरला तर हवा न मोजताच आत शिरते आणि आकडा कमी येतो. इंटरकूलरकडचा चिरला तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र पूर्ण हवेच्या हिशेबानं पडतं, म्हणून काळा धूर. दोन्ही वेळा सेन्सर ठणठणीत असतो.

आणि सकाळी त्याच्या फिल्मवर कापसाची काडी फिरवायला निघाला होतास, मी हात धरला म्हणून सेन्सर वाचला. तिथे काही घासायचं नाही. त्याच्यासाठीचाच स्प्रे मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा.

बाहेर तो टेम्पोवाला बसलाय, त्याचं दोन दिवसांचं भाडं बुडालं. नव्या सेन्सरचे पैसे त्याच्या बिलात लावायचे नाहीत. व्हॉल्व्ह साफ कर, जुना सेन्सर परत बसव, ईजीआर उघडा आणि बंद असतानाचे दोन्ही आकडे वहीत लिही. ते मला दाखवल्याशिवाय किल्ली त्याच्या हातात द्यायची नाही.