जाहिरात निघेपर्यंत

2024 च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर जण. आदल्या वर्षी तलाठ्यांच्या 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक तरुण रांगेत होते. यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत हे आकडे कुणी पाठ करत नाही, पण सोसावे लागतात ते तिथेच. शंभरातल्या नव्व्याण्णवांचा गुन्हा काय, याचं उत्तर कुणाकडे नसतं, "लागला का कुठं?" हा प्रश्न मात्र प्रत्येकाकडे असतो.

या मुलांना सल्ले भरपूर मिळतात. पहाटे उठा, ध्यान करा, सकारात्मक राहा. यातलं काही वाईट नाही. पण उठल्यावर करायचं काय आणि कुणासाठी, हे त्यात नसतं.

रिकामा दिवस माणसाचं काय करतो, हे एका गावात दिसलं होतं. व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं हे गाव आहे. 1930 च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझल या संशोधकांनी तिथल्या माणसांचे दिवस बारकाईने पाहिले. 1933 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. वेळच वेळ मिळाल्यावर लोक जास्त वाचतील, असं कुणालाही वाटेल. घडलं उलटं. वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यात पुन्हा पुन्हा थांबू लागले आणि दिवसभर काय केलं हे त्यांना सांगता येईना. बायका मात्र थांबत नव्हत्या, कारण घर त्यांची वाट पाहत होतं. पगार जातो तेव्हा त्याच्यासोबत दिवसाचा आकार जातो, असं याहोदा पुढे आयुष्यभर मांडत राहिल्या.

आपल्याकडे अभ्यासिकेत बसलेल्या मुलाचा दिवस वरवर आखलेला दिसतो. पण तो एक दिवस आला नाही तर कुणाचंच काही अडत नाही, आणि ही जाणीव आतून पोखरते. मुलींचं घड्याळ आणखी निराळं. त्यांच्याविना घर अडतं, पण "यंदाची परीक्षा होऊ दे" म्हणून स्थळं थोपवलेली असतात. वयाची मर्यादा लोकसेवा आयोगाच्या आधी नातेवाईक ठरवतात.

ऑगस्ट 2021 मध्ये फुलसावंगीचं नाव देशभर गेलं ते एका दुर्घटनेमुळे. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंग करणारा एक चोविशीतला तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत गेला. ही गोष्ट गौरवाने सांगण्यासारखी नाही. जाणकार कुणी सोबत असतं तर तो कदाचित वाचला असता. पण शाळा लवकर सुटलेल्या त्या मुलाच्या हातात कौशल्य होतं, डोक्यात ध्यास होता. पदवीधर मुलाला आपण या दोन्हींपासून तोडतो. शिकलेल्याने वखर धरायचा नाही, दुकानात बसायचं नाही, फक्त वाट पाहायची.

आणि वाट तरी कशाची? 14 मार्च 2021 ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली. 25 ऑगस्ट 2024 चीही ऐनवेळी ढकलली. 2021 च्या जूनअखेरीस पुण्यात पूर्व आणि मुख्य परीक्षा पास होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका उमेदवाराने जीवन संपवलं. तो नापास झालेला नव्हता. नापास झाल्याचं दुःख करता येतं, ते ओसरतंही. तारीखच नसलेल्या प्रतीक्षेचं दुःख कधी सुरू करावं हेही कळत नाही. म्हणून परीक्षांचं वेळापत्रक पाळणं हा मला आरोग्याचाच प्रश्न वाटतो.

आयोग तारीख पाळत नसेल तर मुलाने आपली स्वतःची ठरवावी. खुल्या प्रवर्गाला अडतिसाव्या वर्षापर्यंत परीक्षा देता येते, म्हणून तोवर द्यायलाच हवी असं नाही. शेवटचं वर्ष कोणतं, हे घरात मोठ्याने सांगून टाकावं. रात्री टेलिग्रामवर कट-ऑफचे अंदाज चघळण्याने मार्क वाढत नाहीत, झोप जाते. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस असं काम की आपण गेलो नाही तर कुणीतरी फोन करील. तलाठी भरतीची फी हजार रुपये होती, राखीव प्रवर्गाला नऊशे. ती बापाकडे मागावी लागली नाही, तर जेवताना मान जरा वर राहते.

मन फारच खचलं तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे. आशाताई घरोघरी जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करतात. त्याच घरात, त्याच कर्जाखाली पुस्तक घेऊन बसलेल्या मुलालाही त्यांनी चार प्रश्न विचारावेत.

गावालाही करण्यासारखं आहे. ई-पीक पाहणी, पीक विम्याचे अर्ज, दहावीच्या पोरांचं गणित, सगळ्यांनाच यात कुणाचा तरी हात हवा असतो. पुढच्या वेळी अभ्यासिकेतला मुलगा भेटला, तर त्याला निकाल विचारू नका, काम सांगा. आणि त्याचे पैसे द्या. "तू तर रिकामाच आहेस" म्हणून फुकट करून घेऊ नका.