काचेच्या भांड्यातला जीव



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका लहान मुलाने आम्हाला विचारले, “फादर, आमचा गोल्डफिश मेला. मी त्याला रोज खायला घालत होतो. मला पाप लागेल का?” वर्गात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणाले, “मग शुक्रवारी आपण बोंबील खातो, त्याचे काय?”

“नाही रे बाळा,” म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. कारण काही वर्षांपूर्वी भेट मिळालेले दोन गोल्डफिश आमच्याच टेबलावर, आमच्याच हातून मेले होते. गोल काचेचे भांडे होते. पाणी गढूळ दिसले की सगळे ओतून नळाचे ताजे पाणी भरायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याने चिमूटभर खाणे टाकायचे. पंधरा दिवसांत दोन्ही मासे पाण्यावर उलटे तरंगू लागले.

त्यानंतर आम्ही माहिती घेतली. गोल्डफिश कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाणे कुजूनही अमोनियाच तयार होतो. लहान भांड्यात पाणी नितळ दिसते, पण त्याचे विष होते. फिल्टरमध्ये वाढणारे सूक्ष्म जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशालाही मारतो आणि त्या जिवाणूंनाही. म्हणून टाकी मोठी हवी, दर आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणीच बदलावे आणि खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. नीट सांभाळलेला साधा गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगतो, वीतभर वाढतो. इंग्लंडमधला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ साली मेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. गोल भांड्यात मासे ठेवण्यावर रोम शहराने २००५ साली बंदी घातली.

आता बोंबलाचा प्रश्न. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास ख्रिस्तसभा मना करीत नाही. मात्र त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असे तिची शिकवण सांगते. समुद्रातला मासा आपले पाणी आणि आपले अन्न स्वतः शोधतो. टाकीतल्या माशाची ती मोकळीक आपण काढून घेतली आहे. पाणी बिघडले तर त्याला पळता येत नाही, ओरडताही येत नाही. जितकी आपली सत्ता संपूर्ण, तितकी जबाबदारीही संपूर्ण. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला प्राणिमात्रांवर सत्ता मिळाली, पण त्याच पुस्तकात त्याला बागेची राखणही सोपवली आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले की प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. हे खरेच. पण मग मासा हा केवळ आपल्या सरावाचे साधन ठरतो का? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आणखी पुढे जाऊन शिकवले की प्रत्येक जीवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल आहे.

मग पाप लागते का? नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते: टाळता न येणारे आणि टाळता येण्याजोगे. त्या मुलाचे अज्ञान पहिल्या प्रकारचे. तो निर्दोष आहे. आमचे दुसऱ्या प्रकारचे. आम्हाला विचारता आले असते, आम्ही विचारले नाही. माया होती, पण मायेने चौकशी केली नाही.

हे माशापुरतेच आहे का? घरात अंथरुणाला खिळलेली आजी असते. आपण तिला दोन वेळ जेवण देतो आणि समजतो की सगळे ठीक आहे. तिच्या भोवतीचे पाणी नितळ दिसते. ती तक्रार करीत नाही. तिला काय सोसवत नाही, हे आपण कधी विचारले आहे का?

शेवटी एक विनंती. मासा नकोसा झाला म्हणून तो बावखलात किंवा विहिरीत सोडू नका. तो तळाचा गाळ ढवळतो आणि तिथल्या जिवांची अंडी खातो. सांभाळू शकेल अशा घरी द्या. आणि ज्यांच्या घरी टाकी आहे त्यांनी आज मिस्साहून परतल्यावर पाच मिनिटे तिच्यासमोर बसावे. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत-मिटत असेल, तर तो खाणे मागत असेलच असे नाही. कदाचित त्याचा श्वास कोंडत असेल.

त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी हेच सांगणार आहोत.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू