अंगाला लागणं

लग्नाच्या हॉलमध्ये मावशीनं माझं मनगट धरलं. अंगठा आणि मधलं बोट यांची कडी करून ती माझ्या मनगटाभोवती फिरवली. बोटं एकमेकांवर पेरभर चढली, तेव्हा शेजारच्या बाईंकडे वळून ती म्हणाली, "बघा हो, ह्याला खाल्लेलं काही म्हणजे काही अंगाला लागत नाही." मी बावीस वर्षांचा होतो आणि पानात नुकतीच दुसरी जिलबी पडली होती. ती तशीच राहिली.

'लागणं' हे आपलं मोठं अजब क्रियापद आहे. भूक लागते, झोप लागते, धाप लागते, वेळ लागतो, दृष्ट लागते. अन्न अंगाला लागतं आणि बोलणं मनाला लागतं. वजन कमी असलेल्या माणसाची सगळी हकिकत या एका क्रियापदात बसते, असं मला हल्ली वाटू लागलंय. त्या दिवशीचं जेवण अंगाला लागलं नाही हे खरंच, पण मावशीचं बोलणं पुढं कितीतरी वर्षं लागून राहिलं.

जाड माणसाला तोंडावर जाड म्हणताना आताशा शहरात तरी जीभ थोडी अडखळते. बारीक माणसाच्या बाबतीत ती पंचाईत नाही. काडीपैलवान, लुकडा, पाप्याचं पितर, 'वारा सुटला की खांबाला धर रे बाबा'. बोलणाऱ्याला वाटतं, आपण मायेनंच बोलतोय. मुलगी असेल तर लग्नाआधी 'जरा अंगानं भरायला हवी होती' आणि लग्नानंतर 'सासरी खायला घालत नाहीत की काय?' मी मे महिन्यात लांब बाह्यांचे शर्ट घालायचो, आत एकावर एक दोन बनियन. घाम यायचा, पण खांदे जरा भरल्यासारखे दिसायचे. मित्रांबरोबर विहिरीवर पोहायला जायचो तेव्हा कपडे सांभाळायला काठावर बसायचो. पोहता येत होतं, तरी.

आता हे नुसतं दिसण्याचं दुखणं होतं की खरंच काही कमी होतं? माझी उंची १७० सेंटीमीटर आणि वजन ४७ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की येतो तो बीएमआय. माझा १६.३ यायचा. १८.५ च्या खाली गेलं की वजन कमी असं जागतिक आरोग्य संघटना मानते, म्हणजे मला निदान साडेत्रेपन्न किलो तरी असायला हवं होतं. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनी मांडलं. ते डॉक्टर नव्हते. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्यांचे विषय, आणि त्यांना अभ्यास करायचा होता तो समाजाचा, एकेका माणसाचा नव्हे. त्यामुळे या आकड्याला दारावरच्या पाटीइतकाच मान द्यावा. आत कोण राहतं ते आत गेल्याशिवाय कळत नाही. शेतात दिवसभर राबणारा, चार मजले पोतं घेऊन चढणारा माणूस १८ वर असेल, तर त्याला मराठीत काटक म्हणतात. त्याच वजनाच्या ज्याला दुसऱ्या मजल्यावर धाप लागते, तो किडकिडीत. डोळे मिटून ऐकलं तरी या दोन शब्दांतला फरक कळतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के बायका १८.५ च्या खाली निघाल्या. त्यांतल्या कितीजणींच्या ताटात मुळात पुरेसं पडतच नाही. त्यांना 'तूप खा' म्हणून सांगणं ही थट्टा होईल. हा लेख ज्याच्या घरी डबा भरलेला आहे आणि तरी अंग भरत नाही, त्याच्यासाठी आहे.

असा माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "मी भरपूर खातो." मीही सांगायचो. एका डॉक्टरांनी वाद घातला नाही, म्हणाले, आठवडाभर खाल्लेलं लिहून आण. शंभर पानी वहीत लिहिलं. रविवारी मटण, चार भाकरी, वर भात. हे माझ्या लक्षात होतं, आणि 'भरपूर खातो' हे मी त्या रविवारच्या जोरावर बोलत होतो. मंगळवार मात्र वहीत असा होता: सकाळी चहा, अकराला चहा आणि खारी, दुपारी 'भूक नव्हती', चारला चहा, रात्री दोन पोळ्या. बुधवारी वडापाव आणि तीन चहा. सात दिवसांत सव्वीस कप चहा. माझी भूक चहाच मारत होता, आणि भूक लागली नाही तर अंगाला काय लागणार!

अंग भरायचं तर शरीराला जेवढं लागतं त्यापेक्षा थोडं जास्त रोज पोटात जायला हवं, दिवसाला तीनशे ते पाचशे कॅलरी. आकडा मोठा वाटतो. मूठभर शेंगदाणे, एक केळं, एक पेला म्हशीचं दूध एवढ्यात साडेचारशेच्या आसपास भरतात. लहान भुकेच्या माणसाला एका वेळी डोंगर वाढून काही होत नाही, तो ताटाकडे बघूनच दमतो. त्याला तीनाच्या जागी पाच वेळा द्यावं, आणि जे देऊ ते आकारानं लहान पण भरीव असावं. वरणावर तूप, भाजीत दाण्याचं कूट, भाकरीवर लोणी, संध्याकाळच्या खारीऐवजी दाण्याचा लाडू. जेवणाच्या आधी पोटभर पाणी नको, चहा तर नकोच. आपल्या आज्यांना कॅलरी हा शब्द माहीत नव्हता, पण आजाऱ्याला मेतकूट-भातावर तुपाची धार धरताना त्यांचा हिशेब चुकत नसे.

इतकं करूनही दोघांना सारखंच लागेल असं नाही. १९९९ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना आठ आठवडे, रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त. शेवटी कुणाच्या अंगावर चार किलोंहून अधिक चरबी चढली होती, कुणाच्या अंगावर अर्धा किलोसुद्धा नाही. फरक पडला तो मुख्यतः चुळबुळीनं. काहींचं शरीर जास्तीचं अन्न मिळताच नकळत जास्त हालू लागतं. उठबस वाढते, येरझाऱ्या होतात, बसल्या जागी हातपाय हलतात. बसून पाय हलवू नयेत, असं आजी बजावायची. तिचं कारण लक्ष्मी निघून जाते हे होतं. लेव्हिनसाहेबांचं वाचल्यावर वाटलं, तूपही तिच्यामागोमाग निघून जातं. सांगायचा मुद्दा, बारीक माणूस खोटं बोलत नसतो. कधीकधी त्याच्या अंगाची ठेवणच उधळी असते, आणि म्हणून त्याला दुसऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

हा वेळ ज्यांना द्यायचा नसतो त्यांच्यासाठी बाजारात डबे आणि पुड्या आहेत. 'महिन्यात दहा किलो' असं लिहिलेल्या. मराठीत सूज आणि बाळसं यांत फरक करतात, तो इथं कामाला येतो. बेनामी गोळ्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असू शकतं. त्यानं चेहरा गोल होतो, अंगात पाणी साठतं, काटा वर जातो, घरचे खूश होतात. आत रक्तातली साखर चढत असते आणि हाडं पोखरली जात असतात, आणि ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. दुसरं एक औषध सायप्रोहेप्टाडिन. ते मुळात ॲलर्जीचं. त्यानं भूक खवळते, आणि पेंगही येते. गोळी थांबली की वजन आल्या वाटेनं परत जातं. अशा रीतीनं गुबगुबीत होऊन आलेला एक मित्र मला आठवतो. लग्नाच्या फोटोत तो छान दिसतो. सहा महिन्यांनी पुन्हा तोच होता, फक्त थकलेला.

पण साध्या खाण्यानं आलेलं वजन तरी नेमकं कुठं लागतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोटात चरबी ही ठेवण जन्मापासूनच दिसते, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासून दाखवलं. ती बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. आपली बाळं लहान होती, पण कमी पडलं होतं ते मांस. चरबी त्या मानानं राखून ठेवलेली. तेव्हा बारीक मराठी माणसानं वडापाव आणि कोल्ड्रिंकवर आठ किलो वाढवले तर त्यांतले बरेचसे ढेरीला लागतील, आणि काडीवर मडकं ठेवल्यासारखा तो दिसेल. हे मधुमेहाचं आमंत्रण आहे.

दंडाला, पाठीला, मांडीला लागायचं असेल तर त्यांना काम द्यावं लागतं. तालमीत याला मेहनत म्हणतात आणि खाण्याला खुराक. हे दोन शब्द तिथं जोडीनंच येतात. मेहनतीशिवाय खुराक खाणाऱ्याला तालमीत कुणी पैलवान म्हणणार नाही. जोर, बैठका, जिममधली वजनं, काहीही चालेल. आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू भार वाढवत. आणि वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं. पन्नास किलोच्या माणसाला साठ-पासष्ट ते पंचाहत्तर ग्रॅम. डाळ, दूध, अंडी, मासे, दाणे मिळून ती भरतात, डब्याची गरज सहसा पडत नाही. झोपेबद्दल मी काय सांगू? चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही निंदित गटात घातलंय. कृशासाठी दूध, दही, तूप, मांस, नवं धान्य आणि तेलाचं मर्दन आहेच, शिवाय झोप, मनाची शांती आणि कामाची चिंता न करणं. असा माणूस डुकरासारखा पुष्ट होतो, असं चरक बिनदिक्कत म्हणतात. उपमा कुणाला आवडो न आवडो, चिंता न करणं हे औषधांच्या यादीत आहे, हे महत्त्वाचं.

कारण चिंता भुकेला खाते. मावशी मनगट धरते, मन उदास होतं, जिलबी पानात राहते, वजन आणखी घटतं, पुढच्या लग्नात मावशी पुन्हा मनगट धरते.

आणि वजन वाढू लागलं की चिंता संपते असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांशानं उतरलं. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर चरबी आधी परतली, स्नायू मागाहून. हाडांचा सापळा झालेली ही माणसं आता पोट सुटल्याची तक्रार करू लागली. (केतलेंच्या सूत्राला १९७२ साली बीएमआय हे नाव दिलं तेही याच कीज यांनी.) मी ५१ किलोंवर पोचलो तेव्हा माझंही आधी पोटच पुढं आलं, आणि मी घाबरून जेवण कमी केलं. त्या पोटाला चार-सहा महिने माफ करायला हवं होतं. शरीर आधी कोठार भरतं, भिंती नंतर बांधतं. मला ५६ किलो व्हायला दीड वर्ष लागलं.

माझा भाचा जिमला जातो. दोन वर्षांत अकरा किलो वाढलाय, दंड शर्टात मावत नाहीत. परवा विचारत होता, "मामा, मी अजून बारीकच दिसतो ना?" त्याच्या मनाला लागलेलं अजून निघालेलं नाही. तिथं आणखी एक डबा काही करणार नाही. समुपदेशकाकडे न्यायला हवं आणि आम्ही नेतो आहोत. याच्या उलट, अंगावर हाडं राहिलेली असताना वजन वाढण्याची भीती वाटते, ताटातलं लपवलं जातं, पाळी थांबते, तो आजार आहे. त्यात घरच्यांचा आग्रह उपयोगाचा नाही, डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही हवेत. प्रयत्न न करता वजन उतरत असेल, दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, हाताला कंप, छातीत धडधड, फार तहान, यांपैकी काही असेल तर आधी तपासण्या. क्षय, थायरॉइड, मधुमेह यांच्यावर दाण्याचे लाडू चालत नाहीत.

मावशी आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दिवाळीत भेटलो तेव्हा ३८ किलो होती. "काही अंगाला लागत नाही रे आता," म्हणाली. तिचं मनगट माझ्या हातात होतं, पण कडी करून पाहिली नाही. साखर तपासली, थायरॉइड तपासलं, छातीचा एक्स-रे काढला, सगळं ठीक. मग जेवायला तिच्या शेजारी बसलो. तिनं भाकरीचा पापुद्रा तोंडात धरला, बराच वेळ घोळवला आणि हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला. कवळी सैल झाली होती. वर्षभर ती चहात बुडवलेल्या बिस्किटांवर होती आणि कुणाला बोलली नव्हती. नवी कवळी बसवून अडीच महिने झाले. कालच्या फोनवर चाळीस किलो सांगितले.