पालथा पडलेला पैलवान

महाराष्ट्र केसरीची रचनाच मजेशीर आहे. माती विभागाचा विजेता वेगळा, गादी विभागाचा वेगळा, आणि गदेसाठी या दोघांनी एकमेकांना भिडायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला ही स्पर्धा झाली, तेव्हा शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. या रचनेमुळे एक जुना वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. एका प्रकारात मुरलेल्या मल्लाने दुसऱ्या प्रकारात हात घालावा का?

जुन्या वस्तादांचं मत ठरलेलं असतं: एक ना धड, भाराभर चिंध्या. ज्याचा ढाक अजून पक्का नाही, त्याने ज्यूदोच्या वर्गाला कशाला जावं? त्यांचा सावधपणा मला पटतो, कारण मात्र पटत नाही. वेळ वाया जाणं हा किरकोळ तोटा. दुसऱ्या प्रकारात जे खपून जातं, त्याची सवय लागणं हा खरा तोटा.

जत्रेतल्या निकाली कुस्तीत पाठ लागेपर्यंत कुणी हरत नाही. म्हणून खालचा पैलवान पालथा पडून, हातपाय फाकवून मातीला चिकटतो, दम खातो आणि वरच्याला दमवतो. नारळावरच्या कुस्त्या खेळणाऱ्या पोरांच्याही हा बचाव अंगवळणी पडलेला असतो. गादीवर तोच अंगाशी येतो. समोरच्याने ताबा घेतला की दोन गुण. मग कमरेला विळखा घालून भारंदाज मारला की दर पलटीला आणखी दोन. एक ताबा, चार भारंदाज, दहा गुणांची आघाडी. चीतपट न होताच कुस्ती संपली. ज्यूदोतही पालथं पडल्याने गुण जात नाही, आणि वरच्याला लवकर काही साधलं नाही तर पंच दोघांना उभं करतो. म्हणजे मातीतला आणि ज्यूदोतला, दोघेही गादीवर एकाच खड्ड्यात पडतात.

गुण नसलेल्या कुस्तीत गामालाही हा बचाव फार नडला. १९१० साली लंडनमध्ये मॅटवर पोलिश मल्ल झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक पालथाच पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ साली पटियाळ्यात, मातीत, गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. दोघेही तोवर पन्नाशीला टेकले होते. फरक पायाखालच्या जमिनीचाही होता, असं मी मानतो.

फायद्याची बाजू मात्र वेगळ्याच ठिकाणी सापडते. धाराशिवशेजारच्या लातूरचे काका पवार हे ग्रीको-रोमनमधले अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल. त्या प्रकारात कमरेखाली हात लावायचा नाही. ना एकेरी पट, ना दुहेरी, ना टांग. तरी महाराष्ट्र केसरीत, जिथे पट सर्रास निघतो, २०२० च्या अंतिम लढतीतले सदगीर आणि शैलेश शेळके दोघेही त्यांचेच पठ्ठे होते. राक्षेही त्यांच्याच तालमीतला. मला यात योगायोग वाटत नाही. पट काढून घेतला की मल्लाला बगल, मान आणि छाती यांवरच भागवावं लागतं, आणि एरवी आळसावलेले हात कामाला लागतात. दुसरी कला शिकवते ती तिने घातलेल्या बंदीतून. नडते ती तिने दिलेल्या मुभेमुळे.

मल्लखांबाचंही तेच. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्ट देवधरांच्या नावाशी जोडलेला हा व्यायाम मुळात मल्लांसाठी. खांब ढिली पकड खपवून घेत नाही. पुढे त्याची स्वतंत्र स्पर्धा झाली, गुणपद्धती आली, आणि तालमींनी त्याच्याकडे पाठ फिरवली. (नुकसान तालमींचंच झालं.)

मातीत वाढलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनच्या मॅटवर सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता आणि तो मातीतलाच. मॅटवर जाऊन त्यांना माती विसरावी लागली नाही.

धाराशिवच्या एखाद्या खेड्यातल्या तालमीत गादी नसेल, ज्यूदोचा वर्ग तर दूरच. पण त्याच हौद्यात वस्तादाने आठवड्यातून दोन संध्याकाळी ‘आज पट बंद’ म्हणायला खर्च येत नाही. ‘पालथा पडलास की हरलास’ हाही नियम करता येईल. फक्त ज्या पोराला जत्रेतल्या शेवटच्या इनामी कुस्तीवरच घर चालवायचं आहे, त्याला हा दुसरा नियम लावू नये. तिथे पालथं पडून दम खाण्याला अजून किंमत आहे.