बैलाचे डोळे कुणी रंगवायचे?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या जुन्या शहरात लाकडी बैल रस्त्यावर येतात. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी तोरणाखालून मिरवून झालेले असतात. तान्हा पोळा लेकरांचा. चाकांवरचा छोटा नंदी, गळ्यात सुतळीचा कासरा, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. ज्या भागातल्या एका चौकाच्या नावातच पोळा आहे, तिथं या दिवसाचं अप्रूप वेगळं सांगायला नको. लेकरं बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा घेऊन परततात. कुठं रुपये, कुठं चॉकलेटं.

पण या बैलाची खरी कथा आदल्या रात्री घडते. एखाद्या बोळीतल्या घरात माळ्यावरून गेल्या वर्षीचा बैल खाली उतरतो. जमिनीवर जुना पेपर अंथरला जातो. दिवसभर दुकानात राबून आलेला बाप पॉलिश पेपरनं बैलाची पाठ घासू लागतो. रंगाच्या डबीचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटतं, टर्पेंटाइनचा वास घरभर होतो. आई जुन्या साडीचा काठ कापून झूल शिवायला बसते. बापाचा हात चांगला असतो. शाळेत त्याची चित्रं भिंतीवर लागायची, पुढं संसाराच्या धबडग्यात ते राहून गेलं. आज ब्रश हातात आला की तो भान विसरतो. शेजारी उकिडवं बसलेलं पोरगं तासभर वाट पाहून म्हणतं, “बाबा, डोये मी करतो ना!”

“थांब ना बाप्पा, बिघडवशीन सारं.”

हे वाक्य रागाचं नाही. त्यात मायाच आहे. उद्या आपल्या लेकराचा बैल चौकात उठून दिसावा, एवढीच त्यामागची इच्छा. सजावटीच्या स्पर्धेत बैलाला बक्षीसही मिळतं. कासरा पोराच्या हातात असतो, फोटो पोराचा निघतो, आणि बैल बापाचा असतो. पोराला हे पक्कं ठाऊक असतं. “छान सजवला रे!” असं कुणी म्हटलं की ते बापाकडे बघतं.

ज्यांच्या हातात कला नाही, त्या आईबापांपुढे हा पेच फारसा येत नाही. ते तयार बैल विकत आणतात नाहीतर पोराला म्हणतात, कर तुला जमेल तसं. पेच हातात कसब असणाऱ्यांचा. वाकडी रेघ त्यांना खरोखर टोचते. शाळेनं दिलेला प्रकल्प रात्री अकरा वाजता आईच्या हातून पुरा होतो, गणपतीचं मखर बाबांच्या कल्पनेनं उभं राहतं, आणि लेकरांच्या वाट्याला ‘जरा कात्री दे’, ‘फेविकॉल धर’ एवढंच येतं. कला घरात नांदते, पण घरातल्या सगळ्यांची होत नाही.

घर आणि कलाकाराचं काम यांची इतकी घट्ट गाठ महाराष्ट्रात एका घरात पडली, की या प्रश्नाच्या साऱ्या बाजू तिथं एकदम दिसतात. ते घर दादासाहेब फाळक्यांचं.

१९११ साली फाळके थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये हलती चित्रं बघायला गेले. पडद्यावर प्राणी चालताना पाहून मुलगा थक्क झाला आणि घरी येऊन त्यानं ते आईला सांगितलं. घरात कुणाचाच विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या कुटुंबाला घेऊन गेले. ईस्टरचा दिवस होता, पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र होतं. ते पाहता पाहता आपल्या देवादिकांचीही अशी चित्रं व्हावीत, हा ध्यास फाळक्यांना लागला. भारतीय चित्रपटाच्या जन्माची ही गोष्ट शंभरदा सांगून झाली आहे. त्यातलं लहान मूल मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या घरात सिनेमाची पहिली बातमी आणली ती एका पोरानं.

१९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. भांडवलासाठी लोकांना काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर मांडला. रोज थोडंथोडं चित्रण. महिनाभरानं जो छोटा चित्रपट तयार झाला, त्यात बी फुटतं, कोंब मान वर काढतो, वेल चढते, सारं मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. घरात लेकरं असताना एक कुंडी महिनाभर जागची हलली नाही, याचं श्रेय एकट्या फाळक्यांना देऊन कसं चालेल? त्या कुंडीपाशी सगळं घरच थांबलं असणार.

फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी तर काय केलं नाही? ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी दागिने दिले. फिल्मच्या कडेला छिद्रं पाडण्याचं किचकट काम त्या शिकल्या. रसायनं मिसळायला, फिल्म धुवायला शिकल्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडला आणि सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. तारामतीची भूमिका करायला बायका मिळेनात, तेव्हा फाळक्यांनी त्यांनाच विचारलं होतं. एवढी सगळी कामं अंगावर असताना तेही कुठं करू, म्हणून त्यांनी नकार दिला. शेवटी तारामती झाले अण्णा साळुंके. भालचंद्र हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास झाला. सहा महिने सत्तावीस दिवसांत ३,७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढं चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सन्मान फाळक्यांच्या नावानं दिला जाऊ लागला. सरस्वतीबाईंचं नाव माहीत असलेली माणसं आजही मोजकीच. घरातल्या कुणाच्याही कलेची वाहवा होते, तेव्हा तिच्यामागं भांडी घासणारे, रात्री जागणारे हात कुणाचे, हे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

याच चित्रपटाच्या चित्रीकरणातला एक प्रसंग फाळक्यांच्या चरित्रकथेत येतो. वाचताना पोटात कालवतं. खेळता खेळता भालचंद्र पडला, डोकं दगडावर आपटलं, रक्त आलं आणि पोरगं बेशुद्ध झालं. बरोबरच्या लोकांचं म्हणणं पडलं, आधी याच्यावर उपचार करू, शुद्धीवर आला की पुढचं बघू. पण कथेत त्यावेळी रोहिदास मेलेलाच दाखवायचा होता. फाळक्यांनी बेशुद्ध मुलासह तो प्रसंग चित्रित करून घेतला.

फाळक्यांची थोरवी या प्रसंगानं कमी होत नाही आणि हा प्रसंग त्यांच्या थोरवीनं बरोबरही ठरत नाही. उजेड जाईल, माणसं पांगतील, पैसा संपत आलाय, हे सगळं खरं असेल. तरी त्या घडीला त्या मुलाला बाप हवा होता आणि तिथं दिग्दर्शक उभा होता. मूल ‘हो’ म्हणण्याच्या अवस्थेत नव्हतं. कामानं माणूस इतका भारला जातो, की समोरचं लेकरू त्याला कामाचाच एक भाग वाटू लागतं. सर्जनशील माणसाच्या घरातला खरा धोका हाच आहे, आणि तो वाईट बापांपुरता नाही. फाळके आपल्या मुलाला जीव लावणारे होते, म्हणूनच हा प्रसंग इतका बोचतो.

आज तर प्रत्येक घरात कॅमेरा आहे. लेकरानं पहिल्यांदा मातीचा बैल केला, आनंदानं वर धरला, आणि समोरून आवाज येतो, “पुन्हा धर, व्हिडिओ नीट नाही आला.” लेकरू पुन्हा धरतं. हसतंही. पण ते दुसऱ्यांदाचं हसू कॅमेऱ्यासाठीचं असतं.

फाळक्यांच्याच घरातलं पुढचं चित्र मात्र वेगळं आहे, आणि तेही तितक्याच आवर्जून सांगायला हवं. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. वय सातच्या आसपास. हा चित्रपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आज पाहता येतो. त्याची सुरुवात गोकुळात होत नाही. आधी दिसते ती मुलगी, मंदाकिनी म्हणून. ती चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्यावर कृष्णाचं रूप उमटतं. बापानं प्रेक्षकांना जणू आधी सांगून टाकलं, की हे काम या पोरीचं आहे, नीट बघा. काही वर्षांपूर्वी ज्यानं बेशुद्ध मुलापुढं कॅमेरा थांबवला नाही, त्याच माणसानं ही चौकट मांडली. त्याच्या मनात काय चाललं होतं, यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही. पडद्यावर मंदाकिनी दिसते, तेवढं पुरे आहे.

आपल्या वऱ्हाडात लेकरांना असं पुढं करणारी एक जुनी वस्तू होती, ज्वारीचा धांडा. वाळलेल्या धांड्याचं सालपट नखानं सोलायचं. आत पांढरं, हलकं भेंड. त्याचे पेरापेरानं तुकडे करायचे. सालपटाची टोकदार काडी भेंडात खुपसली की आस तयार, दोन गोल काप लावले की चाकं, वर आडवे तुकडे लावले की गाडी. खिळा नाही, गोंद नाही, पैसा नाही. सालपट निष्काळजीपणे ओढलं तर बोट कापतं, तेवढंच काय ते भय. या खेळण्याची खुबी अशी, की मोठ्या माणसाच्या हातूनही ते लेकराच्या गाडीपेक्षा फार सुबक होत नाही. दोघांचीही चाकं डुगडुगतात. बाप शिकवायला बसायचा आणि बघता बघता दोघं आपापली गाडी करण्यात गढून जायचे.

आता शिवारात कपाशी आणि सोयाबीन. ज्वारी मागं हटली, तशी धांड्याची गाडीही गेली. शहरातल्या कित्येक पोरांनी धांडा हातात धरलेला नाही. तरी भुलाबाईच्या दिवसांत तो अजून घरी येतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी मांडायचे, महिनाभर संध्याकाळी पोरींनी गाणी म्हणायची, डबा हलवून खिरापत ओळखायची, आणि कोजागिरीला धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसवायची. काही घरांत हे मखर आई बांधते, कारण तिचं नीट होतं. काही घरांत ते पोरींवर सोडलेलं असतं. अशा घरातलं मखर लांबूनही ओळखू येतं. एक धांडा आखूड, एक बाहेर आलेला, सुतळीच्या गाठीवर गाठ, आणि सगळा डोलारा किंचित एका बाजूला कललेला.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत असतं. आईची नजर त्या कललेल्या मखराकडे जाते आणि सवयीनं तिचा हात गाठ सोडायला पुढं होतो.

“राहू दे वं माय. थे मीनं बांधलं हाय.”

आई हात मागं घेते, दूध ढवळायला वळते. मखर तसंच कललेलं, समोर पणती, शेजारच्या पोरी गोल बसलेल्या. मखर बांधणारी पोर डबा कानाशी नेऊन खुळखुळवते. पोरी एकेक नाव घेतात आणि ती प्रत्येक नावाला मान हलवून नाही म्हणते. आत काय आहे, ते अजून कुणाला ओळखता आलेलं नाही.